मणक्यातला गॅप

समीक्षाला रोज पहाटे चारला जाग यायची आणि ती उभी राहायची साडेपाचला. मधला दीड तास कुणाला माहीत नव्हता. आधी कॉटची लोखंडी पट्टी धरून कुशीवर वळायचं, मग गुडघे हळूहळू पोटाशी आणायचे, मग पाय खाली सोडून कोपरावर भार देत उठून बसायचं. बसल्यावर कंबरेत आणि खाली कुल्ल्यांत अशी कळ असायची की श्वाससुद्धा अर्धाच घ्यावा लागायचा. मग भिंत धरून उभं राहायचं आणि खोलीतल्या खोलीत चालायचं. आवाज करायचा नाही, कारण कॉटवर सहा वर्षांची प्रियदर्शनी, घरातली पिऊ, झोपलेली असायची आणि बाहेर पडवीत सासू हरणाबाई. हरणाबाई शेळ्यांची धार काढायला उठली की तिला सून उभी दिसायला हवी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

काही दिवशी तो जमायचा नाही. मग पडवीतून हाक यायची, दुसरी यायची, आणि तिसरी हाक यायचीच नाही. त्याऐवजी भांडी जोरात आपटल्याचा आवाज यायचा.

गाव दहिवडीपासून नऊ किलोमीटरवर, माळावर. सासरे नानासो दिवाळी झाली की मेंढरं घेऊन फलटणकडे कालव्याच्या पट्ट्यात उतरायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. नवरा शिवतेज नवी मुंबईत धान्याच्या बाजारात हमाली करायचा, महिन्या-दीड महिन्यानं दोन दिवस यायचा. म्हणजे वर्षातले बरेच महिने घरात तीन बायकाच : एक म्हातारी, एक लहान आणि एक समीक्षा. घरची दोन एकर बाजरी, सात शेळ्या, पाणी आणि चूल.

समीक्षा कवठेमहांकाळची, पण वाढली सांगलीत. वडील दादासो एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. बारावीनंतर तिनं नर्सिंगला, जीएनएमला प्रवेश घेतला होता. पहिलं वर्ष तिनं मन लावून केलं. वर्गाच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा टांगलेला असायचा, मुली त्याला नाथाजी म्हणायच्या. नाथाजीचं एकेक हाड हातात घेऊन त्या नावं पाठ करायच्या. मानेचे मणके सात, पाठीचे बारा, कंबरेचे पाच. पहिला ॲटलस, दुसरा ॲक्सिस. शब्दांच्या शेपट्याही शिकवल्या होत्या. शेवटी ‘आयटिस’ आलं म्हणजे सूज, दाह. ‘ओसिस’ आलं म्हणजे झीज किंवा बिघाड. समीक्षाला या शेपट्या फार आवडायच्या. शब्द कितीही मोठा असला तरी शेवट बघून निम्मा कळायचा.

हाडांची नावं पहिल्या वर्षाला होती आणि हाडांचे आजार दुसऱ्या वर्षाला. दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आधी तिचं लग्न झालं. शिक्षण पुढं चालू ठेवू, असं बैठकीत ठरलं होतं. ते कुणी मोडलं नाही, फक्त पुन्हा कुणी काढलं नाही.

दुखणं लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सुरू झालं. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. आधी एका कुल्ल्यात, मग दुसऱ्या, मग कंबरेत. त्यानंतर प्रियदर्शनी झाली आणि सगळ्यांना कारण मिळालं : बाळंतपणाचा वात. शेक झाला, तेल झालं, डिंकाचे लाडू झाले. दहिवडीच्या डॉक्टरांनी कंबर दाबून बघितली आणि सांगितलं, मणक्यात गॅप आहे. फलटणला एक्स-रे निघाला, तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, गॅप आहे, वाकून काम करू नका, विश्रांती घ्या. कागदावर लिहिलं होतं ‘लंबर स्पाँडिलोसिस’. समीक्षानं शेवट बघितला. ओसिस. झीज. आपण चोवीस वर्षांच्या, आपल्याला झीज कशी, असं तिच्या मनात आलं होतं. पण डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले होते, आणि पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडलेल्या बाईनं विचारायचं तरी काय?

गॅप हा शब्द गावात सगळ्यांना माहीत होता. चार घरं सोडून कुणाला ना कुणाला गॅप होताच. तो म्हाताऱ्यांना असायचा, ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना असायचा, आणि ते लोक कामानं थकून संध्याकाळी कण्हायचे. समीक्षाचं उलटं होतं. दिवसभर राबली की तिला बरं वाटायचं. दुपारी ती पाण्याच्या खेपा करायची, सरपण फोडायची. आणि डॉक्टरांचं ऐकून पडून राहिली की दुसऱ्या सकाळी लाकडासारखी व्हायची.

हरणाबाईनं हे बघितलं होतं. ती दुष्ट बाई नव्हती. चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती मेंढरांमागं फिरलेली, पोर पाठीला बांधून कोस कोस चाललेली. तिच्या हिशेबात दुखणं हे कामानं वाढतं आणि निजून कमी होतं. शेजारची सुलाबाई बसायला आली की हरणाबाई म्हणायची, “सकाळी हिला हाका मारून माझा घसा सुकतो. आन दुपारी बघ कशी पळती. आता दुखणं काय घड्याळ बघून येतं व्हय?”

सुलाबाई म्हणायची, “अंग चोरती, दुसरं काय.”

समीक्षा हे चुलीपाशी ऐकायची. हरणाबाई म्हणत होती त्यातला शब्द न् शब्द खरा होता. सकाळी उठवत नव्हतं, दुपारी पळता येत होतं. हळूहळू ती स्वतःवरच पाळत ठेवायला लागली. पहाटे कळ आली की तिला वाटायचं, खरंच इतकं दुखतंय, की आपल्याला उठायचंच नाहीये? एकदा तिनं मुद्दाम कॉटची पट्टी न धरता झटकन उठून बघितलं. ती जमिनीवर पडली आणि अर्धा तास तशीच पडून राहिली. प्रियदर्शनीनं डोळे उघडून विचारलं, आई, काय शोधतेस?

मध्येच एकदा हरणाबाई तिला कोरेगावला मोहिद्दीनचाचांकडे घेऊन गेली. हाडं बसवण्यात त्यांचं नाव होतं, मोडलेले हात, निखळलेले खांदे घेऊन लांबून लोक यायचे. त्यांनी समीक्षाला पालथं झोपवलं आणि अंगठ्यानं एकेक मणका चाचपत खाली आले. कंबरेच्या खाली थांबले. पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले, आणि हात काढून घेतला. तेल लावलं नाही, झटका दिला नाही. म्हणाले, “ह्ये माझं काम न्हाई. सरकलेलं काय न्हाईच हितं. उलट धरून बसलंय. मोठ्या दवाखान्यात दावा.”

हरणाबाईच्या कानात त्यातलं ‘सरकलेलं काय न्हाई’ एवढंच राहिलं. गावात आल्यावर तिनं तेच सांगितलं.

मग मान गेली. एकदम नाही, पण कधीतरी समीक्षाच्या लक्षात आलं की मागं बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतंय. इतरांच्या लक्षात यायच्या आधी ते प्रियदर्शनीच्या लक्षात आलं होतं. एका दुपारी अंगणात पोरींचा घर-घर खेळ चालला होता. प्रियदर्शनी आई झाली होती. दुसऱ्या पोरीनं मागून हाक मारली, तशी ती खांबासारखी ताठ उभी राहिली आणि पावलं टाकत टाकत सगळीच्या सगळी वळली. पोरी हसल्या, पडवीत बसलेल्या बायकाही हसल्या. प्रियदर्शनी थट्टा करत नव्हती. तिला वाटत होतं, आया अशाच वळतात.

समीक्षा आत गेली आणि भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. तिला रडू आलं नाही. तिला इतकंच वाटलं की आपल्याभोवती काहीतरी आवळत आलंय, आणि ते बाहेरून नाही, आतूनच.

गणपतीच्या दिवसांत तिचा उजवा डोळा लाल झाला. डोळे आलेत म्हणून हरणाबाईनं तिला पोरीपासून लांब झोपायला सांगितलं. पण डोळे आले तर दोन्ही येतात, हा एकच होता. पाणी गळत होतं, घाण नव्हती. उजेड सुईसारखा टोचायचा, चुलीतला जाळसुद्धा सहन व्हायचा नाही. मेडिकलमधून आणलेल्या थेंबांनी काही झालं नाही. सहाव्या दिवशी दिसणं धुरकट झालं. तेव्हा तिनं वडिलांना फोन केला आणि दादासो दुसऱ्या दिवशी येऊन तिला सांगलीला घेऊन गेले.

डोळ्यांच्या डॉक्टर नूरीन तांबोळी वयानं समीक्षापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी तिला यंत्रापुढं बसवलं. हनुवटी टेकवायला सांगितलं तर समीक्षाला मान पुढं नेता येईना. तिनं स्टूलच पुढं ओढून घेतलं आणि कंबरेतून वाकायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी ते बघितलं. बराच वेळ डोळा तपासून झाल्यावर त्यांनी दिवा बंद केला.

“तुमची पाठ दुखते का?”

समीक्षाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “डोळा दुखतोय, मॅडम.”

“डोळा मी बघितला. पाठीचं विचारतेय.”

“दुखते. मणक्यात गॅप आहे.”

“कधी जास्त दुखते? काम केल्यावर, की पडून राहिल्यावर?”

याचं खरं उत्तर सात वर्षं तिच्याविरुद्धच वापरलं गेलं होतं. काम केल्यावर दुखतं म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. खऱ्या आजारी माणसाचं उत्तर तेच असतं. पण डोळा इतका ठणकत होता की खोटं रचायची ताकद नव्हती.

“पडून राहिल्यावर,” ती म्हणाली. “काम केलं की बरं वाटतं. कुणाला ते पटत नाही.”

“मला पटतं. सकाळी किती वेळ आखडलेलं असतं अंग?”

“दीड तास.”

डॉक्टर नूरीन यांनी लिहिणं थांबवून दादासोंकडं बघितलं. ते दाराशी पिशवी धरून उभे होते. ही गोष्ट त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली होती.

डोळ्याच्या आत, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला सूज आली होती. तिचे थेंब डॉक्टरांनी लगेच दिले आणि वेळेवर आलात म्हणाल्या. अशी सूज कधी कधी पाठीच्या एका आजाराबरोबर येते, डोळा आधी बोलतो आणि पाठीचं नंतर कळतं, असं त्यांनी सांगितलं. मिरजेच्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली. चिठ्ठीत काय लिहिलंय ते समीक्षानं एका डोळ्यानं वाचायचा प्रयत्न केला, पण थेंबांमुळं अक्षरं विस्कटली होती.

मिरजेला रक्त घेतलं, कंबरेच्या खालच्या सांध्यांचा एक्स-रे काढला आणि एमआरआय सांगितला. एमआरआयच्या खोलीत अजहर नावाचा टेक्निशियन होता. त्यानं तिला फळीवर झोपायला सांगितलं तेव्हा तिचं डोकं फळीला टेकेना, ते चार बोटं वरच राहिलं. त्यानं टॉवेलची घडी करून खाली सरकवली, कानांना हेडफोन लावले आणि हातात रबराचा फुगा दिला. म्हणाला, अगदीच सहन झालं नाही तर दाबा, पण मग पहिल्यापासून करावं लागेल, आणि हलू नका.

फळी आत गेली. नाकापासून वीतभर अंतरावर पांढरं छत आलं. दोन्ही खांदे बाजूंना टेकले. मग आवाज सुरू झाला, पत्र्यावर कुणी घण घालावेत तसा. समीक्षाला हलू नका हे सांगायची गरज नव्हती, ती हलू शकतच नव्हती. पाठ फळीवर आणि वर छत, आणि पाठीच्या आतही तसंच छत. तिला एकदम कळलं की या नळीतून आपल्याला पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढतील, पण दुसऱ्या नळीतून कोण काढणार? श्वास अर्ध्यावर अडकला. तिनं फुगा दाबला.

अजहरनं तिला बाहेर काढलं, पाणी दिलं. रागावला नाही. पाच मिनिटांनी ती पुन्हा आत गेली. या वेळी तिनं डोळे मिटले आणि वरून खाली नावं घ्यायला सुरुवात केली. ॲटलस. ॲक्सिस. मग तिसरा, चौथा, सातव्यापर्यंत मान. मग पाठीचे बारा, प्रत्येकाला दोन बरगड्या. मग कंबरेचे पाच. मग सॅक्रम, मग इलियम. सगळी संपली की पुन्हा वरून. किती वेळा म्हटली हे तिला कळलं नाही. फळी बाहेर आली तेव्हा ती पाठीच्या नवव्या मणक्यावर होती.

मिरजेचे डॉक्टर वयस्कर होते आणि हळू बोलायचे. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि दादासोंना नव्हे, समीक्षाला जवळ बोलावलं.

“नाव मोठं आहे. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस.”

“स्पाँडिलायटिस,” समीक्षा म्हणाली. “ओसिस नाही?”

डॉक्टरांनी तिच्याकडं वळून बघितलं. तिनं नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचं सांगितलं. मग ते तिच्याशी वेगळंच बोलायला लागले. ‘स्पाँडिल’ म्हणजे मणका, ‘आयटिस’ म्हणजे दाह, आणि ‘अँकिलोस’ म्हणजे आखडलेला, वाकून जुळून गेलेला. शरीरच आपल्या मणक्यांच्या जोडांवर चढाई करतं, तिथं सूज येते, आणि सूज भरून निघताना शरीर तिथं हाड तयार करतं. एका मणक्याचं हाड दुसऱ्याला जाऊन मिळतं. सगळे मिळाले की पाठीचा कणा बांबूसारखा एकसंध दिसतो. त्याला बांबू स्पाइनच म्हणतात.

“मला गॅप आहे म्हणून सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“गॅप असायलाच हवा. प्रत्येकाच्या दोन मणक्यांमध्ये असतो, म्हणून तर आपण वाकतो. तुमचा भरत चाललाय.” त्यांनी पेनाचं टोक फिल्मवर खाली ठेवलं. “हे दोन सांधे संपले. जुळले. इथं दोन मणके जुळायच्या वाटेवर आहेत. मान आखडलीय, पण हाड अजून जुळलेलं नाही.”

“जुळलेलं सुटतं का?”

“नाही.”

विश्रांती हा या आजारात सगळ्यांत वाईट सल्ला, असं ते म्हणाले. गोळ्या, रोजचा व्यायाम, पुरेसं झालं नाही तर इंजेक्शनं, आणि हे आयुष्यभर. दादासोंनी मुलीला हे कुठून आलं असं विचारलं. रक्तात एक खूण असते, ती आईवडिलांकडून येऊ शकते, डॉक्टर म्हणाले. मग समीक्षानं प्रियदर्शनीबद्दल विचारलं. खूण तिच्यात असेल किंवा नसेल, आणि असली तरी अशा बहुतेकांना आजार कधीच होत नाही, आत्ता तपासायची गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. समीक्षानं ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं.

रिपोर्टची फाइल मांडीवर घेऊन ती गावी आली तेव्हा तिच्या मनात भीती होती, पण त्याखाली आनंदही होता. तिला तिचीच लाज वाटली इतका तो होता. आपण अंग चोरत नव्हतो. त्याला नाव होतं. ते छापलेलं होतं.

शिवतेज खास रजा काढून आला होता. समीक्षानं त्याला आणि हरणाबाईला बसवून सगळं सांगितलं. दीड तासाचंही सांगितलं. हरणाबाई खाली बघत ऐकत होती, मधूनच पदरानं हात पुसत होती. सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं, “पोरीला हुईल का?”

समीक्षानं डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पण सांगताना तिला दिसलं की ‘बहुतेकांना होत नाही’ हे दोघांनी ऐकलं नाही आणि ‘रक्तात’ तेवढं ऐकलं.

शिवतेज बराच वेळ फाइल उलटसुलट करत बसला. मग म्हणाला, “औषधाला आपुन काय कमी करायचं न्हाई. पर ह्ये नाव घराभायेर जाता कामा न्हाई. उद्या पिऊला बघाय येणारं कोण ह्ये ऐकून येईल? लोकास्नी गॅपच सांगायचं.”

“आवं, पण लोक मला काय म्हणत्यात ते तुमाला ठाव हाय का?”

“म्हणू दे. लोकांच्या म्हणण्यानं काय हाडं जुळत न्हाईत.”

फाइल पेटीत गेली, साड्यांच्या खाली. पोरीचं नाव निघालं होतं म्हणून समीक्षानं वाद घातला नाही.

थेंबांनी डोळा निवळला होता, आता गोळ्यांचाही गुण आला. दीड तासाचा पाऊण तास झाला. सकाळी दार लावून ती व्यायाम करायची, भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं राहायची, हात वर न्यायची, छाती भरून श्वास घ्यायची. हरणाबाईनं माफी वगैरे मागितली नाही. फक्त तिच्या हाका थांबल्या, आणि कधीतरी दाराबाहेर गरम पाण्याची बादली ठेवलेली असायची. पण गावासाठी काही बदललं नव्हतं. उलट आता सून सकाळी दार लावूनच बसते, हे नवीन झालं होतं. आधी समीक्षाला उत्तर माहीत नव्हतं म्हणून ती गप्प होती. आता माहीत असून गप्प राहायचं होतं. हे जास्त जड होतं.

माघ महिन्यात एका सकाळी सुलाबाई पडवीत येऊन बसली. समीक्षा आत दार लावून भिंतीला उभी होती. सुलाबाई स्वतःच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. लग्नाला वर्ष झालं नाही तोवर कंबर धरून बसते, जिना चढवत नाही, उठताना कण्हते. दहिवडीला दाखवलं, गॅप आहे म्हणाले, पडून राहा म्हणाले. म्हणून ती पडून असते.

“तुज्या सुनेचं बघून शिकली,” सुलाबाई म्हणाली. “दोगी बी अंग चोरत्यात.”

समीक्षानं कान दिला. हरणाबाई काहीतरी म्हणेल असं तिला वाटलं. हरणाबाई काही म्हणाली नाही. तिनं म्हणू नये असंच तर ठरलं होतं.

समीक्षानं दार उघडलं आणि ती पडवीत आली.

“सुलाकाकी, तुमच्या सुनेला मिरजेला न्या,” ती म्हणाली. “मला गॅप न्हाई. माझे मणके जुळत चालल्यात. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणत्यात त्याला. सात वर्षं मला पण पडून राहा म्हणून सांगितलं आन त्यात दोन सांधे गेले. तिचं तसंच आसंल असं न्हाई. पण नुसतं गॅप म्हणून सोडू नगा.”

सुलाबाईनं हरणाबाईकडं बघितलं. हरणाबाईनं मान हलवली, हो म्हणून.

सुलाबाई गेल्यावर हरणाबाई उठली. “शिवतेजला मी सांगती,” ती म्हणाली. “तू नगो सांगू.”

सुलाबाईच्या सुनेला हा आजार निघाला नाही. तिची हाडं मऊ झाली होती, अंगात ड जीवनसत्त्व कमी होतं. औषधं सुरू झाली आणि तीन महिन्यांत ती पुन्हा डोक्यावर हंडा घेऊन चालायला लागली. ते बघून समीक्षाला बरं वाटलं, आणि बरं वाटता वाटता आत कुठंतरी टोचलंही. त्या सुनेला तीन महिन्यांत सुटका होती.

नाव गावभर झालं. कुणाला ते नीट म्हणता यायचं नाही, पण रक्तातलं आहे एवढं सगळ्यांना कळलं. दोन-तीन बायकांनी प्रियदर्शनीची पाठ चाचपून बघितली. समीक्षानं तिसरीचा हात बाजूला केला.

शिवतेज आला तो पहिला दिवस तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, “त्ये नाव नीट कसं म्हणायचं? दहिवडीच्या स्टँडवर दोगांनी इचारलं, मला सांगता येईना.” तिनं तुकडे पाडून सांगितलं. त्याला चौथ्या वेळी जमलं. मग म्हणाला, “पिऊच्या लग्नाला अजून पंधरा वर्सं हायत. तवर लोक इसरतील.” तो हे तिला सांगत होता की स्वतःला, हे तिला कळलं नाही.

चैत्रात तिची मिरजेला तपासणी होती. या वेळी तो बरोबर आला. डॉक्टरांनी तिला भिंतीला उभं केलं आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीपासून किती लांब राहतो ते पट्टीनं मोजलं. आकडा फाइलमधल्या आधीच्या आकड्याइतकाच होता.

“वाढलं नाही,” ते म्हणाले.

“कमी होईल का?”

“कमी होणार नाही. वाढू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे. तेही छोटं नाही.”

परतीची गाडी विट्याहून पुढं निघाली तेव्हा निम्मी रिकामी झाली होती. मायणीच्या अलीकडं समीक्षा सीटवरून उठली आणि वरचा दांडा धरून उभी राहिली. सलग तासभर बसायचं नाही, असं तिला सांगितलं होतं. कंडक्टर म्हणाला, ताई, जागा आहे की, बसा. पुढच्या सीटवरची एक बाईही सरकून बस म्हणाली. शिवतेज खिडकीबाहेर बघत होता.

“मला बसून राहता येत न्हाई,” तिनं कंडक्टरला सांगितलं. “मणक्याचा आजार हाय.”

कंडक्टर बरं म्हणून पुढं गेला. बाहेर ज्वारीची कापणी झालेली रानं मागं पडत होती. समीक्षानं दांडा दोन्ही हातांनी धरला आणि छाती भरून श्वास घेतला, जितका येत होता तितका.